कॅरॅव्हानमधला कायमचा पलंग: जागा येते कुठून?

लहानपणी साताऱ्यात आमच्या घरी खोल्या दोन आणि माणसं सहा. सकाळी उठल्यावर पहिलं काम गाद्यांच्या वळकट्या करायचं. त्या भिंतीशी रचल्या, वर चादर टाकली की झाली दिवसाची बैठक. रात्री नऊला पुन्हा सगळं पसरायचं. घरात आजारी माणूस असलं किंवा कोणी बाळंतपणाला आलेलं असलं तरच पलंग मांडून ठेवत, आणि मग बाकीचे सगळे अंग चोरून वावरत.

इथे इंग्लंडमध्ये ओळखीतलं कोणी कॅरॅव्हान घ्यायला निघालं की मी त्यांना हेच चित्र आठवायला सांगते. कायमच्या पलंगाचा सगळा प्रश्न यात आला. पलंग चोवीस तास जमीन अडवतो आणि आपण त्यावर आठ तास असतो. उरलेल्या सोळा तासांची ती जागा कोणाच्या वाट्यातून गेली, हे आधी बघायचं. गादी किती मऊ आहे ते नंतर.

एक खुलासा. आपल्याकडे कॅरॅव्हान म्हटलं की इंजिन असलेली, बससारखी गाडी डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हान म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची घरगाडी. तिला स्वतःचं इंजिन नसतं, आणि ती चालू असताना आत कोणी बसायचं नसतं. हा लेख तिच्याबद्दल आहे.

पलंग नसलेल्या गाडीत काय असतं

जुन्या पद्धतीच्या ब्रिटिश कॅरॅव्हानमध्ये पुढच्या खिडकीखाली समोरासमोर दोन लांब सोफे असतात. रात्री मधून लाकडी पट्ट्या ओढायच्या, त्यावर सोफ्याच्या पाठीच्या गाद्या जुळवायच्या, की आडवी मोठी डबल बेड तयार होते. रोज दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. गाद्यांचे सांधे पाठीला लागतात, आणि एकाला लवकर झोपायचं असलं तर सगळ्यांनाच उठावं लागतं. पांघरुणं दिवसा कुठे कोंबायची हा आणखी एक प्रश्न.

पण या गाडीत दिवसा जी ऐसपैस खोली मिळते तिला तोड नाही. शिवाय सोफे सहा फुटांच्या वर असतील तर पट्ट्या ओढायचीही गरज नाही, दोघं दोन सोफ्यांवर सरळ झोपू शकतात. दोनच माणसं असाल, वर्षातून आठ-दहा रात्री जात असाल, पाठीचा त्रास नसेल, तर कायमचा पलंग घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यासाठी दीड मीटर जास्त लांब गाडी ओढत फिरण्यात अर्थ नाही.

आमची पहिली कॅरॅव्हान अशीच होती. माझ्या नवऱ्याची कंबर धरायला लागली, पट्ट्या ओढणं आणि वाकून गाद्या लावणं जमेना, तेव्हा आम्ही कायमच्या पलंगाकडे वळलो. आणि पहिल्याच खेपेला चुकलो.

कोपऱ्यातला पलंग

आम्ही घेतला तो प्रकार इथे ‘फ्रेंच बेड’ म्हणून ओळखला जातो. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला चिकटलेला डबल पलंग, आणि त्याच्या शेजारी उरलेल्या जागेत बाथरूम. हिशोब साधा आहे. गाडी बाहेरून साधारण २.३० मीटर रुंद असते, आतून मिळतात २.१५. पलंग १.३५ रुंद धरला तर उरतात ८० सेंटिमीटर. तेवढ्यात बाथरूमही बसवायचं आणि तिथे जायला वाटही ठेवायची. म्हणून पलंगाचा पायाकडचा बाहेरचा कोपरा तिरका कापलेला असतो. काठावर झोपणाऱ्याचे पाय त्या कापलेल्या कोपऱ्यातून बाहेर लोंबतात, म्हणून उंच माणसाने आतल्या बाजूला झोपायचं असा सल्ला विकणारे देतात.

या रचनेचा मोठा गुण म्हणजे लांबी वाचते. साडेपाच-सहा मीटरच्या, एका आसाच्या (म्हणजे चाकांची एकच जोडी असलेल्या), मध्यम मोटारीला झेपणाऱ्या गाडीत कायमचा पलंग हवा असेल तर बहुतेक हाच मिळतो, आणि पुढची बैठकही बऱ्यापैकी मोठी राहते.

दोष मात्र रात्री कळतो. त्या वर्षी आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आम्ही त्यांना इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टला, केसिक गावाच्या बाजूला घेऊन गेलो. पलंग त्यांना दिला, आम्ही पुढे सोफ्यांवर. आई भिंतीकडच्या बाजूला झोपली, कारण बाबांना गुडघ्यामुळे काठावरून उठणं सोपं. चौथ्या दिवशी सकाळी आईचे डोळे लाल दिसले. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “अगं, बाथरूमला जायचं तर यांना ओलांडून जावं लागतं. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये. मग मी हे उठेपर्यंत बसून राहते.” तीन रात्री ती अंधारात उशीला टेकून बसून होती, आणि मी चार मीटरवर गाढ झोपले होते.

विकत घेताना शोरूममध्ये मी त्या पलंगावर आडवी झाले होते, गादी दाबून बघितली होती, खालचा कप्पाही उघडला होता. आतल्या माणसाने उठायचं कसं, हा प्रश्न मात्र मनात आला नाही. वय साठच्या पुढचं असेल, मधुमेह असेल, रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर कोपऱ्यातला पलंग घेऊ नका. गाडी कितीही छान असली तरी नको.

दोन्हीकडून उतरता येणारा पलंग

याला ‘आयलंड बेड’ म्हणतात, म्हणजे फक्त उशाकडची बाजू भिंतीला. याचे दोन उपप्रकार आहेत आणि त्यांत फरक मोठा आहे.

पलंग गाडीत आडवा टाकला तर लांबी वाचते, पण पायाशी चालायला जागा उरत नाही. पुन्हा तेच गणित. आतली रुंदी २.१५ मीटर, पलंगाची लांबी १.८५. राहिले ३० सेंटिमीटर. मोठ्या माणसाचे खांदे याहून रुंद असतात, म्हणजे एका कडेने, पोट आत घेऊन सरकायचं. बाथरूम बहुतेक याच्या मागे, गाडीच्या शेवटच्या भिंतीला असतं, त्यामुळे दिवसभर घरातला प्रत्येक माणूस त्या पट्टीतून जा-ये करणार. यावर उत्पादकांनी तोड काढली आहे. दिवसा गादीचा उशाकडचा भाग वर दुमडून पलंग भिंतीकडे सरकवायचा, मग वाट दुपटीच्या आसपास होते. रात्री पुन्हा ओढायचा. म्हणजे ‘कायमचा’ पलंगही रोज थोडा हलवावाच लागतो, आणि रात्री दोन वाजता बाथरूमला जाणाऱ्याला मिळते ती ३० सेंटिमीटरच. अलीकडच्या काही गाड्या बाहेरून २.४५ मीटर, म्हणजे आठ फूट रुंद येतात. ते जास्तीचे पंधरा सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण या एका पट्टीत त्यांनी सगळा फरक पडतो.

पलंग उभा, गाडीच्या लांबीत टाकला तर दोन्ही बाजूंना वाट मिळते, कोणी कोणाला ओलांडत नाही, झोपण्यापुरती ही सगळ्यांत सुखाची रचना. पण पलंगाची संपूर्ण लांबी गाडीच्या लांबीतून वजा होते. बाथरूम मग मध्ये येतं, बऱ्याचदा दोन तुकड्यांत: एका बाजूला शॉवर, दुसऱ्या बाजूला संडास आणि बेसिन. आणि पुढची बैठक आखडते. सोफे सव्वा ते दीड मीटरचे राहतात. दोन माणसं जेवतील, पण दोघांना पाय पसरून बसता येणार नाही.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर वेल्समध्ये किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागल्याची कल्पना करा. बाहेर जाता येत नाही, ओले जोडे दारात, मुलं पत्ते खेळताहेत, कोणीतरी भजी तळायला घेतली आहेत. तेव्हा बायका-पुरुष, लहान-मोठे सगळे त्या सव्वा मीटरच्या सोफ्यांवर असतात, आणि मागे पावणेदोन मीटरचा सुंदर पलंग रिकामा पडलेला असतो. उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सला जाणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही, कारण तो दिवसभर बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे गाडीला जोडायच्या तंबूखाली असतो. कोणत्या हवेत फिरणार यावर रचना ठरते ती अशी.

लांबी वाढवत नेऊ म्हणाल तर त्यालाही मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हानला ७ मीटर लांबी आणि २.५५ मीटर रुंदी इतकीच परवानगी आहे. पुढचा ओढायचा दांडा त्या ७ मीटरमध्ये धरत नाहीत. मोठ्या गाड्यांना चार चाकं, दोन आस असतात. रस्त्यावर त्या जास्त स्थिर चालतात, पण साइटवर, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, हाताने ढकलून जागेवर लावणं जवळपास अशक्य. काही साइटवर त्यांना प्रवेशही नसतो.

दोन सिंगल, आणि मुलांचे बंक

दोन भिंतींना दोन सिंगल पलंग आणि मधून वाट, ही रचना तरुण जोडप्यांना दाखवली की ते पुढे निघून जातात. वयस्क माणसांसाठी मला तीच सगळ्यांत समजदार वाटते. ज्याला उठायचं तो उठतो, दुसऱ्याची झोप मोडत नाही. दिवसा तेच पलंग दोन बाकांसारखे वापरता येतात, म्हणजे जमीन पूर्ण वाया जात नाही. काही गाड्यांत मधल्या वाटेवर पट्ट्या ओढून एक मोठा पलंगही करता येतो.

लहान मुलं असतील तर प्रश्न उलटा करून बघा: कायमचा पलंग कोणाला हवा आहे? मुलं आठला झोपतात, आईबाप अकराला. पलंग आईबापांचा आणि मुलांची झोप पुढच्या सोफ्यांवर अशी गाडी घेतली, तर आठ वाजता दिवे मालवून दोघांना मागच्या खोलीत कुजबुजत बसावं लागतं. त्यापेक्षा मागे मुलांचे एकावर एक बंक, त्यांना पडदा, आणि आईबापांनी रात्री पुढे अंथरूण घालायचं. पंधरा मिनिटांच्या कामाच्या बदल्यात तीन तासांची संध्याकाळ आपली होते. फक्त वरच्या बंकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते ती वाचा. मुलं बघता बघता तेवढी होतात.

पलंगाखालचा मोठा कप्पा

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. विकणारा पलंग एका हाताने उचलतो, गॅसच्या दांड्यांवर तो अलगद वर जातो, आणि खाली अख्खी खोली दिसते. “बघा किती सामान मावतं!” मावतं हे खरंच. पण तिथे ते ठेवायचं नसतं.

ज्यांनी बैलगाडी जुंपलेली बघितली आहे त्यांना हे एका शब्दात कळेल. गाडीत मागे ओझं जास्त झालं की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भारच येत नाही आणि गाडी झोकांड्या खाते. ओझं पुढे जास्त झालं की ती धुरेवर जड होते आणि बैलांच्या माना दबतात. कॅरॅव्हानचं अगदी तसंच आहे, फक्त बैलांच्या जागी मोटारीचा हुक आहे. त्या हुकावर कॅरॅव्हानच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार यावा अशी शिफारस आहे. १,५०० किलोच्या गाडीला ७५ ते १०५ किलो. मोटारीच्या हुकाची मर्यादा वेगळी असते, पुष्कळ मोटारींत ती ७५ ते १०० किलोच्या दरम्यान. दोन्हींत जी कमी ती पाळायची.

ब्रिटिश गाड्यांत पलंग बहुतेक मागे, आसाच्या पलीकडे असतो. समजा हुक आसापासून ४ मीटर पुढे आहे आणि पलंगाखालचा कप्पा आसाच्या २ मीटर मागे. त्या कप्प्यात तुम्ही ४० किलोचं ऑनिंग आणि खुर्च्या टाकल्या तर हुकावरचा भार २० किलोने कमी होतो. ७५ चे ५५ झाले. आता मोटरवेवर ताशी ६० मैलांनी जाताना शेजारून मोठा ट्रक गेला की वाऱ्याच्या धक्क्याने कॅरॅव्हानची शेपटी डावी-उजवीकडे झुलायला लागते, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. गाड्या उलटतात त्या अशाच. म्हणून जड सामान जमिनीलगत, आसाच्या वर. पलंगाखाली उशा, रजया, कपडे, एवढंच.

जर्मन बनावटीच्या कॅरॅव्हानमध्ये पलंग पुष्कळदा पुढे असतो. तिथे त्याच ४० किलोंनी हुकावरचा भार वाढतो. आणि त्यांचा दरवाजा उजव्या बाजूला, म्हणजे ब्रिटनमध्ये रस्त्याच्या बाजूला उघडतो. मुलं घेऊन रस्त्याच्या कडेला थांबणार असाल तर हे लक्षात असू द्या.

एकूण वजनाचाही हिशोब पलंगाशी जोडलेलाच आहे. प्रत्येक कॅरॅव्हानवर एक पाटी असते, तिच्यावर जास्तीत जास्त किती वजनापर्यंत भरायची ते लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या सामानाचा वाटा उरतो. तो १५० किलोच्या आसपास असणं नेहमीचं. त्यात गाडी जागेवर सरकवणारी मोटर ३० किलो, बॅटरी २०, भरलेली गॅसची टाकी १५, ऑनिंग २५. राहिले ६०. चार माणसांचे कपडे, अंथरुणं, भांडी, कुकर, तांदूळ-डाळी, मुलांचे जोडे हे सगळं त्या साठात. दिसायला प्रशस्त, पण सामानाचा वाटा तेवढाच, अशा कायमच्या पलंगाच्या गाड्या पुष्कळ आहेत. पलंगाखालची पोकळी म्हणजे भरायची परवानगी असं समजू नका.

नवशिक्यांना इथे सांगतात की कॅरॅव्हानचं भरलेलं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, पण शहाणपणाचा आकडा आहे. १,८०० किलोची मोटार असेल तर १,५३० किलोची कॅरॅव्हान. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवरही साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यासाठी वेगळी परीक्षा राहिली नाही. त्यामुळे लायसन्स चालतं म्हणून लोक सरळ मोठी गाडी घेतात. पण मोटार बनवणाऱ्याने किती ओढायची परवानगी दिली आहे ते पाळावंच लागतं, आणि ते कागदांत लिहिलेलं असतं. आधी मोटार बघा, मग वजन, त्यात बसेल तो पलंग. बहुतेक लोक पलंगापासून सुरुवात करतात आणि शेवटी मोटार बदलतात.

जुनी गाडी घेत असाल तर पलंग पूर्ण उचलून, बाहेरच्या भिंतीला लागणाऱ्या कडेवरून हात फिरवा. रोज तिथेच श्वासाची वाफ थंड भिंतीवर धरते आणि गादी ती शोषते. ओल, काळे ठिपके, कुबट वास, यांतलं काही आढळलं तर पुढे बोलू नका. आणि घरी आणल्यावर गादी सकाळी तासभर उभी करून ठेवायची सवय लावा, जशी आपण पावसाळ्यात करतो.

दुकानात जाण्याआधी

दर फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात कॅरॅव्हानचं मोठं प्रदर्शन भरतं, शेकडो गाड्या एका जागी बघायला मिळतात. तिथे जोडे काढून दोघांनी आडवं व्हा, मग डोळे मिटून आतल्या माणसाने उठून बाथरूमपर्यंत जा आणि आत शिरून दार लावून बघा. एकाने ओट्याशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने मागून जायचं. सगळ्यांनी एकदम बैठकीवर बसायचं. लाज वाटू देऊ नका, विकणाऱ्यांना सवय असते.

पण त्याच्याही आधी घरी एक करता येतं, आणि आम्ही दुसऱ्या खेपेला ते केलं. रंगकामाची चिकटपट्टी आणली, बैठकीच्या खोलीतला सोफा सरकवला आणि छापील नकाशावरून आडव्या आयलंड पलंगाच्या गाडीचा मागचा भाग जमिनीवर खऱ्या मापाने आखला. पलंगाच्या जागी खऱ्या गाद्या टाकल्या, भिंतीच्या जागी पुस्तकांचं कपाट. आई-बाबा तेव्हा पुन्हा आले होते. आईने पायाशी उरलेल्या पट्टीत वीत लावून बघितली. “दीड वीतसुद्धा भरत नाही गं.” मग ती तिथून दोनदा गेली, एकदा तोंडाने कपाटाकडे आणि एकदा पाठीने, आणि दोन्ही वेळा तिच्या पदराने गादीवरची चादर ओढली गेली.

“इथून नको,” ती म्हणाली. “दोन पलंग वेगळे असू देत आणि मधून वाट असू दे.”

मी पट्ट्या उपटल्या आणि दोन सिंगल पलंगांचा नकाशा आखायला घेतला.